वाडीतल्या सगळ्या नवऱ्यांचं घड्याळ

मंडळी, तुमच्या घरात अशी एखादी वस्तू आहे का, जी सगळ्या वाडीने वापरली?

आमच्याकडे बाबांचं स्विस घड्याळ आहे. ऐंशीच्या दशकात बोटीवरून येताना त्यांनी ते आणलं. मग वाडीतला प्रत्येक नवरदेव ते लग्नापुरतं मागून न्यायचा. बाबा स्वतः चावी देऊन बांधायचे. हल्ली मी ते रोज घालते. मनगटावरचं त्याचं वजन बरं वाटतं.

आज जामसंड्याच्या एका लग्नात शेजारच्या सुमनकाकींनी माझा हात धरला.

"गो, ह्या घड्याळ मी वळखतंय. तेव्हा लग्नात मान वर करूची सोय नव्हती. माका ह्येंचो हात आणि ह्या घड्याळच दिसला. दुसऱ्या दिवशी बघतंय तर हात रिकामो."

बाजूला बसलेले काका गालात हसले.

"मग वाईट वाटलं?" मी विचारलं.

"वाईट कित्याक? हात तर तोच होतो."

मी घड्याळ काढून काकांच्या मनगटावर बांधलं. काकींनी त्याकडे पाहिलंच नाही. मान वर करून त्या काकांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.