माळेवर हेलेनचा हात

आगोमान्याच्या बाजारात माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीला लागूनच माकूमावशीचं मण्यांचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक लाकडी मेज, वर छत्री आणि चाळीस वर्षांची बैठक. मणी ती विकायची आणि अक्कल फुकट वाटायची. त्यातली बरीच माझ्या, म्हणजे या तेयेच्याच वाट्याला आली.

गिऱ्हाईक रोडावलं तेव्हा मीच तिच्या मागे लागलो, की मणी इंटरनेटवर लिलावाला लाव. आठवडाभर तिनं मला उडवून लावलं. मग एका सकाळी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, दाखव तुझं ते काय आहे. मी तीन साइट दाखवल्या. पहिली अवाढव्य, चपलेपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं तिच्यावर. इथे माझे मणी हरवतील, म्हणाली. दुसरीचं कमिशन जवळजवळ नाहीच, पण बोली लावणाऱ्याचं नाव गुपित. तोंड लपवून सौदा करतो तो चोर, म्हणे. तिसरी लहानशी, जुने मणी नि कापड विकणाऱ्यांची. कमिशन कातडं सोलणारं, पण बोली लागली की फोटोखाली माणसाचं नाव उमटायचं. दुसरी घे म्हणून मी घसा कोरडा केला. पालथ्या घड्यावर पाणी! तिनं तिसरीच घेतली.

आणि चालली की ती. सहा महिन्यांत मावशीचे मणी कुठल्या कुठल्या मुलखात गेले. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून नावं ती मला मोठ्यानं वाचायला लावायची आणि प्रत्येकीला सून पारखावी तशी पारखायची.

मग तिच्या नातीच्या, कोर्कोरच्या दिपोचं वर्ष आलं. आमच्यात पोर मोठी झाली की दिपो करायचा, आणि शेवटच्या दिवशी तिनं घराण्याचे मणी अंगभर घालून गावासमोर यायचं. मावशीच्या घराण्याची माळ होती थोरल्या पिवळ्या बोदोम मण्यांची. पण ती घरात नव्हती. लेक अर्नेस्टिना आजारी पडली तेव्हा मावशीनं ती एका परदेशी पाहुण्याला विकली. माळ गेली आणि लेकही गेली. कोर्कोर तेव्हा रांगत होती. त्या माळेचा विषय बाजारात कुणी काढत नसे.

एका मंगळवारी मी मावशीचे फोटो साइटवर चढवत होतो, तेवढ्यात तिनं माझं मनगट घट्ट धरलं. पडद्यावर एक पिवळी माळ होती. मधला एक मणी फुटलेला, फटीत काळं मेण भरलेलं.

"माझ्या आईनं भरलंय ते मेण," ती म्हणाली.

लिलाव शनिवारी दुपारी दोनला संपणार होता. दिपोसाठी मावशीनं जे पैसे बाजूला ठेवले होते त्यांच्या निम्म्यापर्यंतसुद्धा बोली गेली नव्हती. मी बोली लावणार, तोच तिनं विचारलं की फोटोखाली नाव कुणाचं आहे. मी वाचलं, हेलेन.

"मग थांब. तिचा हात आहे माळेवर."

आमच्या मणीवाल्यांच्या ओळीत रिवाजच तसा आहे. एका बाईनं माळेवर हात ठेवला की तिनं तो उचलेपर्यंत दुसरीनं भाव विचारायचा नाही. ज्या बाईचा हात आहे तिलाही काही विचारायचं नाही, कारण विचारणं म्हणजे तिला उठवणंच. पण हा लिलाव होता! माझं डोकंच फिरलं. तुझ्याच मण्यांवर सहा महिने लोक एकमेकांवर बोली चढवताहेत, तेव्हा घेतलेस ना पैसे, असं मी तिला तोंडावर म्हणालो. ते ज्याचं त्यानं बघावं, ती म्हणाली, माझा हात मला सांभाळायचाय.

"बोदोमची माळ कुणी उगाच धरत नाही, तेये. तिच्याही घरी पोर असणार. तिच्या पोरीचा गळा ओका ठेवून माझीला नटवू?"

"आणि कोर्कोरचा गळा?"

तिनं माझा हात पडद्यावरून बाजूला सारला. मग म्हणाली, अजून चार दिवस आहेत, उचलेल ती हात. आणि माझ्या नावानं मी गुपचूप बोली लावीन हे ओळखून तिनं मला माझ्या आईची शपथ घातली.

चार दिवस ती दर तासाला टपरीवर यायची आणि माझ्याकडे बघायची. मी नाही अशी मान हलवायचो. शनिवारी बाजार गच्च भरलेला, पण तिचं गिऱ्हाइकाकडे लक्ष नव्हतं. दोनला तीन मिनिटं उरली तेव्हा मी शेवटचं विचारलं. तिनं डोळे मिटून नकाराची मान हलवली. दोन वाजले. माळ हेलेनची झाली.

मावशी मेजाखाली वाकून काहीतरी शोधू लागली. काही पडलं नव्हतं. ती रडत होती, आणि मला तिचा इतका राग आला, इतकी दया आली, की मी टपरीचं फळकुट लावून घरी निघून गेलो. आजही वाटतं, मोडायची होती शपथ. आई समजून घेती.

दिपोला कोर्कोर उसन्या मण्यांत नटली. पोर गुणाची, आजीला एका शब्दानं काही विचारलं नाही.

महिन्यानं मावशीनं आपल्या मेजावरूनच हाक मारून विचारलं, "तेये, त्या हेलेननं काही लिहिलंय का रे? पोरीला शोभली का माळ?"

मी साइट उघडली. हेलेननं फोटो टाकला होता. बैठकीच्या खोलीतल्या दिव्याच्या दांड्याला ती माळ गुंडाळली होती, आणि खाली लिहिलं होतं की नव्या पडद्यांशी रंग फार छान जुळला.

मी फोन खिशात घातला.

"लिहिलंय ना, मावशी. पोरीचा गळा भरून दिसतो म्हणते."

"तुला म्हटलं नव्हतं मी?" मावशी म्हणाली, आणि त्या शनिवारनंतर पहिल्यांदा हसली.