गोदक्काचं ऊन

बंगळूरची हवा सगळ्यांना आवडते. आमच्या गोदक्काला ती कधीच आवडली नाही. दुपारी ढग आले, की प्रयोगशाळेच्या गच्चीवर कमरेवर हात ठेवून ती म्हणायची, "आले मेले! स्वल्प दम म्हणून नाही यांना." मग पदर खोचून काचेच्या कुप्या आत न्यायला लागायची.

बेळगावहून एम.एस्सी. होऊन मी तिच्या हाताखाली लागले, तेव्हा साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. ती बसवनगुडीतल्या, पिढ्यान्‌पिढ्या इथेच रुजलेल्या मराठी घरातली. हिशेब कन्नडमध्ये करायची, रागवायची मात्र मराठीत. मला दोन्ही येत असल्यामुळे माझी कशातूनच सुटका नव्हती.

तिच्या कुप्यांत पाणी, झिंक ऑक्साइडची पांढरी पूड आणि सोडावॉटरच्या कारखान्यातून आणलेला कार्बन डायऑक्साइड असे. ही पूड अर्धवाहक. ऊन लागलं की तिच्यातले इलेक्ट्रॉन सैल होतात. त्यांच्या जोरावर त्या वायूचा मद्यार्क, म्हणजे जाळता येईल असा द्रव, व्हावा अशी गोदक्काची आस होती. पहिल्या दिवशी मला म्हणाली, "एकदा जळून गेलेलं परत जळायच्या लायकीचं करायचं. झाडं करतातच की! त्यांना कुणी डॉक्टरेट दिली होती?"

मद्यार्क झाला असेल तर तपासणीत जांभळा रंग येई. एका उन्हाळ्यात तो आला. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले साहेब हरखले. गोदक्काची निवृत्ती जवळ आली होती. तिला मुदतवाढ मिळवून देतो, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मी पेढे आणायला निघाले, तर तिनं अडवलं. "सबुरीनं. आधी वायू न घालता कुपी लावून बघू. सुनेचं कौतुक करण्याआधी स्वयंपाक तिनंच केला का ते विचारावं."

वायू नसलेली कुपीही जांभळीच झाली. बुचांना लावलेलं ग्रीसच त्या पुडीच्या संगतीनं उन्हात विघटून तो रंग देत होतं. गोदक्कानं तोंडावर पाणी मारलं आणि साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगून आली. मुदतवाढीचा विषय तिथेच मिटला. मी चिडले. "अक्का, थोडं थांबायचं तरी!"

"आणि काय करायचं? वंगणावर गाडी पळते होय गं?" ती हसली, पण त्या दिवशी डबा तिनं उघडला नाही.

उरलेले महिने आम्ही ग्रीसशिवाय काढले. कुप्या भट्टीत तापवायच्या, उन्हात मांडायच्या, तपासायच्या. रंग काही येईना.

निवृत्तीच्या दिवशी खाली निरोपाला मंडळी जमली होती. गोदक्का शेवटची परीक्षानळी खिडकीशी धरून उभी होती. "बघ गं. तुझे डोळे तरुण आहेत. दिसतो रंग?"

हो म्हणावंसं फार वाटलं. कुणाचं काय बिघडलं असतं? माझा तिच्यावर जीव होता. पण विचारणारी गोदक्का होती.

"नाही, अक्का."

तिनं नळी आणखी थोडा वेळ उजेडात धरली. "सरी," ती कन्नडमध्ये ठीक म्हणाली. "मलाही नाही दिसत. कुणीतरी दिसतो म्हणालं, तर ऐकावंसं वाटत होतं."

मग तिनं नळी विसळली, स्टँडवर पालथी घातली आणि हार घालून घ्यायला खाली गेली.