ड्रायव्हरची फळी

त्या माणसाची पाठ मोडावी अशी माझी मनापासून इच्छा होती. आज तो हयात नाही, तरी इच्छा काही गेलेली नाही. घाटंजीचे जुने लोक अजून त्याच्याबद्दल बरं बोलतात. बोलू देत, त्यांनी त्याची जीप चालवलेली नाही.

घाटंजीत त्याची कापसाची जिनिंग होती आणि मी त्याचा ड्रायव्हर होतो. लष्करात ट्रक चालवून परतलो होतो, म्हणून नोकरी चटकन मिळाली. ती टिकवणं मात्र भाग होतं. छप्पन साली आमच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि गावकीची कामं सोडली. मेलेली ढोरं ओढणं बंद, हाकेसरशी धावणं बंद. गावानं मग आमची मजुरीच तोडली. माझ्या पगारावर घर ताठ उभं होतं. आधीच्या ड्रायव्हरची कंबर धरली, तर मालकानं त्याला त्याच दिवशी घरी बसवलं होतं. माझी पाठ गेली असती तर ज्यांच्यापुढे ताठ झालो, त्यांच्याच दारात पुन्हा वाकून उभं राहावं लागलं असतं.

आणि पाठ जाण्याची व्यवस्था मालकानं पहिल्याच दिवशी करून ठेवली होती. जीपच्या दोन्ही सीटांवर मुळात गाद्या होत्या. मी बघायला गेलो तर ड्रायव्हरच्या बाजूची गादी काढून तिथे सागाची फळी बसवलेली. गादी त्याच्या ओसरीवरच्या कपाटात. त्याचा मुलगा सुटीत आला की फळी निघायची आणि गादी लागायची, तो गेला की पुन्हा फळी. मी सरळ विचारलं, गादी का काढली? तो सुपारी कातरत होता. माझ्या मुलाला त्या गादीवर बसायचं असतं, तू बसलास तर ती बाटेल, असं त्यानं शांतपणे सांगितलं. आम्ही आता बौद्ध झालो, मी म्हणालो. तेव्हा त्यानं शेजारी हिशेब लिहीत बसलेल्या मुनीमजीकडे बघितलं.

“धर्म बदलला म्हून का बूड बदलते?”

मुनीमजी पोट धरून हसले. ते हसणं मी गाठीला बांधून ठेवलं.

हंगामात घाटंजीहून पांढरकवडा आणि तिथून हिंगणघाट, अशा आमच्या फेऱ्या चालत. रस्ता म्हणजे मुरूम, गिट्टी आणि बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. लष्करातल्या उस्तादानं आम्हाला शिकवलं होतं की कंबरेमागे काहीतरी आधार हवा, गुडघे अवघडू द्यायचे नाहीत, आणि पाठ दुखायची वाट न बघता मधेच उतरून चार पावलं चालायचं. मी चादरीची वळकटी करून कंबरेमागे ठेवली, तर मालकानं ती ओढून मागे फेकली. ड्रायव्हर टेकला की डुलक्या घेतो, असं त्याचं मत. जरा थांबू म्हटलं तर विचारायचा, जीपचे पाय दुखतात काय? स्वतः मात्र माझ्या डावीकडे गादीत रुतून, पाय लांब करून बसायचा.

घरी आलो की बायको तव्यावर वाळू तापवायची, तिची पुरचुंडी करून शेकायची आणि वर एरंडाची पानं बांधायची. मी पालथा पडून दात आवळायचो. सोडून द्या ती नोकरी, असं तिनं एकदाही म्हटलं नाही. तिलाही गावकी आठवत होती. सकाळी मालकासमोर मी जीपमधून असा उतरायचो की जणू पलंगावरून उठलो. कंबरेला हात लावायची सोय नव्हती. त्यानं बघितलं असतं तर संपलंच.

पण स्टिअरिंग माझ्या हातात होतं, हे तो विसरला होता. खड्डा ड्रायव्हरला आधी दिसतो. मी पाय रोवायचो, चाक घट्ट धरायचो आणि फळीवरून चार बोटं उठायचो. सुपारी चघळत बाहेर बघणाऱ्याला यातलं काही करता येत नाही. त्या हंगामात मी डावं चाक एकाही खड्ड्याला मुकू दिलं नाही. उजवं चाक मी लेकरासारखं जपलं. दर दणक्याला त्याच्या नरड्यातून एक बारीक आवाज यायचा, आणि तो ऐकून माझं दुखणं थोडं उतरायचं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटायचं.

संक्रांतीच्या सुमाराला त्याची कंबर धरली. मालीशवाला झाला, लेप झाले, पांढरकवड्याच्या डॉक्टरची सुई झाली. जीपमध्ये चढताना त्याला दोन माणसं लागू लागली. एकदा केळापूरच्या अलीकडे त्यानं माझ्याकडे नीट निरखून बघितलं.

“तुही पाठ कशी नाही दुखत रे?”

याचीच तर मी वाट बघत होतो. “फळीचा गुण हाये, मालक.”

पुढचं मी त्याला सविस्तर समजावलं. गादीत माणूस खचतो, फळीवर कणा सरळ राहतो, लष्करातल्या मोठ्या साहेबांनाही फळीच देतात. यातलं शेवटचं साफ खोटं होतं. घाटंजी येईपर्यंत तो माझ्या फळीकडे बघत होता. सकाळी त्यानं मला फळी सोडायला सांगितलं. नवी करवून घेऊ, मी म्हणालो, तर नको म्हणाला. हीच मुरलेली आहे, हिलाच गुण आलेला. मग जरा घुटमळून म्हणाला, आधी धुऊन घे.

“धुतली तर गुण जाते, मालक.”

त्यानं मुनीमजीकडे बघितलं. मुनीमजी जमिनीकडे बघत होते. माझी न धुतलेली फळी मी त्याच्या जागेवर बसवली आणि तो तिच्यावर बसला. ड्रायव्हरच्या जागेला नुसता पत्रा उरला होता आणि मुलाची गादी त्याला कपाटातून काढायची नव्हती, म्हणून त्यानं स्वतःची गादी माझ्याकडे सरकवली. मी तिच्यावर पसरलो आणि चादरीची वळकटी त्याच्या डोळ्यांदेखत कंबरेमागे घातली. जीप पत्र्याच्या डब्यासारखी वाजत निघाली. पांढरकवडा मागे पडेपर्यंत तो घामानं भिजला होता.

“कधी येईन रे गुण?”

“वेळ लागन, मालक. फळी बदलली म्हून का बूड बदलते?”

तो हळूहळू माझ्याकडे वळला. सगळं त्याच्या ध्यानात आलं, हे मला स्पष्ट दिसलं. मला काढायचं तर चार लोकांत कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण त्याच्या खाली होतं, न धुतलेलं. त्यानं दोन्ही हातांनी फळीची कड धरली आणि समोर बघू लागला.

पुढे रस्त्यात मोठा खड्डा होता. मी गादीवर नीट सरकून बसलो आणि डावं चाक त्यात घातलं.