अख्खे लाल मासे

मासेवाल्या काकांच्या दुकानात नुसते पैसे पुढे करून मासा मिळत नसे. आधी उलटतपासणी. टाकी केवढी, आत आधी कोण राहतं, लांब परांचं कोणी आहे का? एखादा बिचारा म्हणाला, "अहो काका, सगळे टेट्राच आहेत, एकाच जातीचे," की काका उसळायचे. "टेट्रा म्हणजे काय सगळे साधू? निऑन गरीब. पण सर्पे? दिसायला लालभडक आणि चावरा एक नंबरचा! लांब पर दिसला की लागलाच कुरतडायला." गिऱ्हाईक तोंड वाकडं करून जाई. काकांना त्याचं सोयरसुतक नसे. हट्टी माणूस, दुसरं काय!

काकूंनी अंथरूण धरलं तेव्हा काकांनी त्यांच्या पलंगासमोर टाकी मांडली. झिरमिळ्यांसारख्या लांब परांची एंजल माशांची जोडी आणि सोबत रमीनोज टेट्रांचा थवा. अगदी पारखून निवडलेले, कोणी कोणाच्या वाटेला न जाणारे. काकू दिवसभर बघत पडायच्या.

एक दिवस म्हणाल्या, "अहो, यांची नुसती नाकंच लाल. सर्दी झाल्यासारखी! मला ते अख्खे लाल आणा ना, दुकानातले."

"सर्पे? अगं, एंजलची लक्तरं करतील ते."

काकू रुसल्या. मग काकांनी तोड काढली: सर्पेंना वेगळी टाकी. वाळू आली, रोपं आली, पाणी भरलं. मासे मात्र येईनात. नवं पाणी महिनाभर मुरू द्यायचं, नाहीतर आतला जीव जगत नाही, हा काकांचा नियम. दुकानात तो कोणासाठीही मोडला नव्हता.

"रिकामी टाकी काय बघू मी?"

"थोडा धीर धर गं."

"मी धरीन हो," काकू म्हणाल्या, "पण माझ्या हातात आहे का ते?"

काका हसले. काय हसण्यासारखं होतं त्यात? डॉक्टरांनी हात टेकले होते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण महिना थांबायचं म्हटलं की बायकोही महिना थांबेल, असंच काहीतरी वेड्यानं मनात धरलं होतं.

काकूंची धाकटी बहीण सोबतीला असे. एका दुपारी तिचा फोन आला, "भाऊजी, लगेच या. लाल मासे आले का, असं सारखं विचारतेय."

काकांनी हाताला लागतील तेवढे सर्पे पिशवीत भरले आणि दुकान उघडं टाकून धावत सुटले. नव्या टाकीतलं पाणी अजून दुधाळच होतं, मुरलं नव्हतं. त्यांनी पिशवी सरळ एंजलच्या टाकीत उपडी केली.

"बघ गं, आणले! अख्खे लाल. अगं, डोळे उघड ना."

बहिणीने त्यांचा दंड धरला. "भाऊजी, ती आत्ताच गेली हो."

काका पलंगाच्या कडेला बसले. नवे मासे जरा वेळ कोपऱ्यात दबकून राहिले, मग एंजलच्या मागे लागले. परांच्या चिंध्या पाण्यावर यायला लागल्या. बहीण जाळी शोधायला उठली.

"असू दे," काका म्हणाले. मग काकूंचा हात दोन्ही हातांत घेऊन हमसून हमसून रडायला लागले. "चुकलो गं मी. तेव्हाच यांच्यात सोडले असते तर काय बिघडलं असतं? चार पर फाटले असते, एवढंच ना!"