सईच्या बॅगेतलं पुरणयंत्र

मी आयुष्यात एकच चोरी केली, आणि ती दोन किलो सहाशे ग्रॅम वजनाची होती.

मुलांनो, तुम्ही सगळी नातवंडं आता लांब लांब राहता, आणि ही गोष्ट तुमच्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पोचली आहे. कोणी म्हणतं आजीनं भांडं लपवलं, कोणी म्हणतं आजीनं फोनवर नाटक केलं. दोन्ही खरं आहे! पण तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेल्या बाईला अर्धवट नोंदी सहन होत नाहीत, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवते.

तुमची सई इंजिनिअर झाली आणि मास्टर्ससाठी कॅनडाला निघाली, त्या ऑगस्टमधली ही गोष्ट. इंदुरात विजय नगरच्या आमच्या फ्लॅटची घंटा दिवसभर वाजायची. येणारा प्रत्येक जण चहा घेऊन एकच प्रश्न विचारायचा, "पोरीला काय देऊ?"

मी एक यादी टाइप केली. इंग्रजीत. (माझं एम.ए. इंग्रजीत झालं आहे. तुम्हाला ते माहीत आहे, कारण मी ते सांगत असते.) उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थिनीला उपयोगी पडतील अशा चौदा भेटवस्तू, प्रत्येकीपुढे अंदाजे वजन. उबदार मोजे, प्लगचा अडॅप्टर, घडीची छत्री. यादी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. सतरा जणांनी अंगठा दाखवला.

त्यानंतर घरात जे आलं ते असं : प्रसादच्या, म्हणजे सईच्या बाबांच्या मित्रांकडून तीन किलो शेव ("भिया, सेव के बिना बच्ची वहाँ पढ़ेगी कैसे?"), दोन मामांकडून दोन चांदीचे गणपती, अगदी एकसारखे, आणि शेजारच्या बाईंकडून भिंतीवरचं भलंमोठं घड्याळ. "इसमें इंडिया का टाइम रखना बेटा," असंही त्या बजावून गेल्या. मोज्यांचा एकही जोड नाही!

आणि मग वन्सं आल्या.

सुमनवन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. बडा गणपतीजवळ दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला पोळी गोल लाटता येत नव्हती. सासूबाई काही बोलायच्या आत वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही वाढा. मी करते." ती वाटणी पन्नास वर्षं टिकली. प्रत्येक सणाला पुरण त्यांनी वाटलं, मी वाढलं आणि लोकांनी "वा, काय पोळी झाली आहे!" असं म्हणून माझ्याकडे बघितलं. मी त्यांची चूक कधी दुरुस्त केली नाही.

तर वन्सं आल्या त्या रिक्षातून, जुन्या टॉवेलात काहीतरी गुंडाळून, तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून. टॉवेल सोडला. आत त्यांचं पितळेचं पुरणयंत्र! तीन पाय, जाळी, वरती फिरवायचा दांडा. चिंच लावून असं घासलेलं, की त्यात माझा चेहरा दिसला. (तो चेहरा फारसा खूश नव्हता.)

"वहिनी, तुमची यादी काही मला वाचता आली नाही," त्या म्हणाल्या. "अंग्रेजी में थी ना. म्हणून मग मी आपल्या मनानंच आणलं."

"वन्सं, पोरगी रोबोटवर शिकायला चालली आहे. पुरण वाटायला नाही."

"तो क्या हुआ? रोबोट शिकली म्हणून होळीला उपाशी बसेल का? आणि माझं मनगट आता चालत नाही हो. माझ्यामागं हे भंगारात जायचं, त्यापेक्षा पोरीच्या हातात राहू दे."

सईनं वाकून नमस्कार केला आणि यंत्र पोटाशी धरलं. वन्संनी डोळे पुसले. मी लटकवायचा काटा आणला. दोन किलो सहाशे.

विमानात नेण्याच्या प्रत्येक बॅगेची मर्यादा तेवीस किलो. मोठी बॅग भरण्याचं काम माझं. निघायच्या आदल्या दुपारी सई मैत्रिणींना भेटायला गेली, तेव्हा मी यंत्र बॅगेतून काढलं. इथवर मला कोणी दोष देणार नाही. वजन म्हणजे वजन. पण मुलांनो, त्या रिकाम्या जागेत मी माझी डिक्शनरी ठेवली! कॉलेजात मला बक्षीस मिळालेली, जाड, कापडी बांधणीची. दोन किलो चारशे. म्हणजे विमान कंपनीला मी दोनशे ग्रॅमचा फायदा करून दिला, एवढंच काय ते पुण्य.

पाचव्या दिवशी सईचा फोन आला.

"आजी, यंत्र कुठंय? बॅगेत डिक्शनरी निघाली!"

"उपयोगी पडेल तुला."

"आजी, यार! डिक्शनरी फोनमध्ये असते. सुमनआजी रोज विचारते, यंत्र पोचलं का. मी काय सांगू?"

"पोचलं म्हणून सांग."

"झूठ बोलू?"

"एकदाच," मी म्हणाले.

डिक्शनरीचा उपयोग झाला, नाही असं नाही. सईच्या खोलीची खिडकी वाऱ्यानं आपटायची, तिला ती बरोब्बर अडवून धरते. आणि "एकदाच" म्हटलेलं खोटं सईला दर रविवारी बोलावं लागलं. वन्संनी विचारायचं, "जाळी धुऊन पुसून ठेवतेस ना ग? ओली ठेवू नको, काळी पडेल," आणि पोरीनं कॅनडातून म्हणायचं, "हो आजी, रोज पुसते." इकडे यंत्र माझ्या कपाटात, कोशांच्या मागे. दिवाळीला वन्सं दोन दिवस राहायला आल्या, तेव्हा मी ते उशीच्या अभ्र्यात घालून त्यावर डोकं ठेवून झोपले. सूनबाई म्हणाली, "आई, तुमची मान आखडली का?" मी म्हटलं, "वय झालं."

जानेवारीत वन्सं दवाखान्यात होत्या. डॉक्टरांनी प्रसादला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय फार थकलं आहे, आता त्यांच्या मनासारखं होऊ द्या. आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. "होळीला सईला फोनवर पुरण शिकवीन. डाळ ती तिकडे शिजवेल, मी बघेन. यंत्र चालताना एकदा डोळ्यांनी बघू दे, बस."

वन्सं घरी परतल्या, मी आज-उद्या करत राहिले, आणि बघता बघता होळीला नऊच दिवस उरले. मी यंत्र घेऊन कुरिअरवाल्याकडे धावले.

"मैडम, ये क्या है? मशीन का पार्ट?"

"पुरण का यंत्र है."

"फॉर्म में इंग्लिश में क्या लिखूँ?"

मी पेन उघडलं. एम.ए. इंग्रजी. तीस वर्षं ग्रंथालय. काउंटरवर पाच मिनिटं उभी राहिले आणि पुरणयंत्राला एक इंग्रजी शब्द मला सापडला नाही! तोवर त्यानं सांगून टाकलं की पोचायला तीन आठवडे लागतील. मी पेन बंद केलं.

मग जे केलं, ते शुद्धीत केलं, हे इथे कबूल करते.

होळीला सकाळी आठ वाजता तिघींचा व्हिडिओ कॉल : वन्सं बडा गणपतीला, सई कॅनडात (तिकडे आदली रात्र), आणि मी विजय नगरात, पण वन्संच्या माहितीप्रमाणे मी तिथे नाहीच! स्क्रीनवरची नावं इंग्रजीत येतात, ती त्यांना वाचता येत नव्हती, यावर माझी सगळी योजना उभी होती. (हे लिहिताना आज बरं वाटत नाही.) सईनं आधी तोंड दाखवायचं, "आता फोन ओट्यापाशी ठेवते" म्हणायचं आणि स्वतःचा कॅमेरा बंद करायचा. त्याच क्षणी माझा कॅमेरा सुरू, त्यात फक्त यंत्र आणि दोन हात. बोलायचं सईनं, फिरवायचं मी. मी बांगड्या काढल्या, सईचा जुना गुलाबी स्वेटर मनगटापर्यंत ओढला आणि पडदा लावला, कारण कॅनडातल्या रात्री ओट्यावर ऊन पडणं बरं दिसलं नसतं.

पहिली दोन मिनिटं झकास गेली.

"डाळ गरम आहे ना? गरम असतानाच वाट. गार झाली की दगड," वन्सं म्हणाल्या.

"हो आजी, एकदम गरम आहे," कॅनडातून सई. इथे मी बोटं भाजून घेत होते.

"अगं, पण कुरकुर कशी ऐकू येत नाही? माझं यंत्र तर कुरकुरतं."

माझा माइक बंद होता. मग कॅनडातून, इंजिनिअरिंगच्या पदवीधर विद्यार्थिनीच्या तोंडून आवाज आला, "कुर्रर्र... कुर्रर्र..."

"हां, अब आया," वन्सं म्हणाल्या.

मला हसू फुटलं, हात हलला, पुरणाचा गोळा स्क्रीनवर पडला. तो पुसायला गेले आणि माइक सुरू झाला. तेवढ्यात खाली कचऱ्याची गाडी आली, गाणं वाजवत!

"सई, कॅनडात पण कचऱ्याची गाडी गाणं वाजवते?"

"हो आजी," पोरगी म्हणाली. "इंदौर से सीखा उन्होंने."

"सीखना ही चाहिए," वन्सं अभिमानानं म्हणाल्या.

मी माइक बंद केला. घाईत दांडा उलटा फिरवायला लागले. पुरण खाली पडायचं सोडून वर चढायला लागलं. वन्सं फोनजवळ आल्या, इतक्या की स्क्रीनवर नुसता चष्मा दिसत होता.

"उलटं फिरवतेस. उजवीकडे... हां, असं. आणि अग बाई, हात काय झाले ग तुझे! थंडीनं पार आमच्या वहिनींसारखे दिसायला लागले."

"इकडे फार थंडी आहे आजी," सई म्हणाली.

"तेल लावत जा," वन्सं म्हणाल्या. आणि मग अर्धा तास, एक शब्द न चुकता, त्या सांगत गेल्या : किती वाटायचं, कधी थांबायचं, जायफळ कधी घालायचं. शेवटी म्हणाल्या, "झालं. आता मला काळजी नाही."

मी फोन बंद केला आणि स्वतःवर इतकी खूश झाले, की पुरणाचा गोळा उचलून खाल्ला. (मीठ घातलं होतं, साखर समजून. असो.)

रंगपंचमीचा गोंधळ ओसरला आणि त्याच आठवड्यात वन्सं गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. मी त्यांच्या दोन खोल्या आवरल्या. डबे सगळे पुसलेले, फडकी घडी करून ठेवलेली. मला वाटायचं आमच्या घरात टापटीप एकटी मीच.

तेराव्यानंतर सईचा फोन आला. खूप वेळ नुसती रडत होती. मग म्हणाली, "आजी, तुला एक सांगायचंय. त्या दिवशी कॉल संपल्यावर सुमनआजीनं मला परत फोन केला होता."

"कशाला?"

"म्हणाली, तुझ्या आजीला सांगू नको मला कळलंय म्हणून. मी विचारलं, कसं कळलं? तर म्हणाली, पन्नास वर्षं त्या हातांनी वाढलेलं जेवले मी, ओळखणार नाही का?"

"रागावल्या होत्या?"

"नाही ग. हसत होती. म्हणाली, इतकी वर्षं वहिनींनी यंत्राला हात लावला नाही. आता फिरवतायत तर फिरवू दे. मेरे बाद घरात कोणीतरी पाहिजे ना."

मुलांनो, मला वन्संची माफी मागायची होती. होळीपासून ते त्या दुपारपर्यंत मला तब्बल आठ दिवस मिळाले होते, आणि ते मी माझी योजना किती छान जमली, हे सूनबाईला सांगण्यात घालवले.

सईला म्हटलं, आता यंत्र पाठवते. ती म्हणाली, "नको आजी, तुझ्याकडेच राहू दे. सुमनआजीनं मला दिलं होतं, मी तुला देते." भेट कोणाला काय द्यावी याची चौदा कलमी यादी मी केली होती. त्यात हे बसत नाही.

यंदाची होळी वन्संशिवायची पहिली. मी पहाटेच डाळ शिजवली, गरम असतानाच वाटली, दांडा उजवीकडे फिरवला. पुरण चांगलं झालं, हे मी स्वतःचं म्हणून सांगत नाही. पण पुरण झालं म्हणजे पोळी होत नाही, हे मला पंचाहत्तराव्या वर्षी समजलं. दोन तास खपून चार पोळ्या झाल्या. त्यातली एक जवळजवळ गोल होती, ती वन्संच्या फोटोपुढे ठेवली. उरलेल्या तीन आम्ही तिघांनी चमच्यानं खाल्ल्या.

प्रसाद वाटी चाटूनपुसून म्हणाला, "आई, अगदी आत्याच्या हातची चव आहे हं."

पोरगं गुणी आहे. खोटं बोलायला माझ्याकडूनच शिकलं.