अलियम्मा टीचरची घुसखोरी

अलियम्मा टीचर शिकवायच्या केमिस्ट्री, पण त्यांचा पाय सतत माझ्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत. येताना केळ्याची भजी आणायच्या, म्हणून मी खपवून घ्यायचो. केरळातल्या पेरिंदलमण्णाच्या आमच्या कॉलेजात विषयाविषयांत कुंपणं होती आणि मुलांच्या डोक्यात तर तटबंदीच.

सुहराचंच बघा. टायट्रेशनमध्ये तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. रंग पालटायची वेळ आली की ब्युरेटची तोटी आवळून एकेक थेंब सोडायची. तीच पोरगी माझ्याकडे मीटर ब्रिजच्या तारेवर टेकवायची सळई, म्हणजे जॉकी, अशी खरडत न्यायची, की गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर कधी येऊन गेला ते कळायचंच नाही. सराव परीक्षेत आपटली. खऱ्या परीक्षेतही आपटली असती तर नर्सिंग हुकलं असतं, आणि घरचे लग्नाला टपलेलेच होते.

"पोरी, तिकडे एवढी सावकाश असतेस, इथे काय वाघ लागलाय मागे?" एकदा माझ्या प्रयोगशाळेत टीचरनी तिला विचारलं.

"टीचर, ते केमिस्ट्रीत असतं ना!"

"मग फिजिक्सला येताना वेगळे हात लावून येतेस का?"

मी फिस्सकन हसलो.

"हसताय काय माशे?" आमच्याकडे मास्तरांना 'माशे' म्हणतात. "तुम्ही तरी कधी सांगितलंत हिला?"

टीचर पुन्हा सुहराकडे वळल्या.

"रंग बदलायला आला की काय करतेस?"

"थांबते. मग थेंब थेंब."

"आणि काटा शून्याकडे झुकायला लागला की?"

सुहराने जॉकी उचलली, जराशी पुढे टेकवली. पुन्हा उचलली, टेकवली. काटा मधोमध येऊन थांबला.

परीक्षेत तिच्या चिठ्ठीत निघाला सोनोमीटर, पेटीवर ताणलेल्या तारेचा प्रयोग. त्याचा सराव आम्ही घेतलाच नव्हता! बाहेरगावचे परीक्षक समोर, मला बोलायची बंदी, आणि खिडकीबाहेर टीचर जपमाळ ओढत उभ्या. सुहराने ट्यूनिंग फोर्क वाजवून पेटीवर टेकवला, तारेखालची घोडी भराभर सरकवली. तारेवरची कागदाची घडी थरथरली तशी ती थांबली. मग घोडी केसभर सरकवायची, फोर्क वाजवायचा, बघायचं. अचानक तार फोर्कच्या सुरात आली आणि घडी टुणकन उडाली. परीक्षकांनी पास केलं, मी खुर्चीत टेकलो.

बाहेर येताच टीचरनी तिला गाठलं. "सोनोमीटरचं कोणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही, टीचर. कागद हलायला लागला, म्हटलं आता थेंब थेंब."

टीचर डोळे पुसत माझ्याकडे वळल्या. "ऐकलंत माशे? हिला आता आपली गरज उरली नाही!"

एवढ्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.