सत्तावीस नंबरचा फोन

वरवट बकालला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत भागवतचं घर आहे. पुढच्या खोलीत त्याचं ऑनलाइन केंद्र: सातबारा, पीकविमा, शाळेचे फॉर्म. लोक त्याला फार शिकलेला समजतात आणि तोही हा गैरसमज दूर करायच्या फंदात पडत नाही. सारी दुनिया आपले फोटो कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या हवाली करते, पण भागवतला ते पटायचं नाही. घरातलं घरातच राहिलं पाहिजे, या हट्टापायी त्याने एका जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर केला आणि केंद्रातल्या लोखंडी मांडणीवर बसवला.

त्यात दोन डिस्क. एकीवर जे येईल ते त्याच क्षणी दुसरीवर उतरायचं, आरशात उतरावं तसं. एक मेली तरी दुसरी जिवंत, हे वाक्य भागवतने गावात इतक्यांना ऐकवलं होतं की लोक त्याला पाहून रस्ता बदलायचे. चोरांसाठी फायरवॉल होती. घरातल्या प्रत्येक फोनला एक नंबर, यादीतल्या नंबरालाच आत प्रवेश, बाकीच्यांना दारातून परत. कोण दार वाजवून गेलं याची नोंद तो रोज वाचायचा.

"अवो, चोरून न्यासारखं हाय तरी काय आपल्या घरात?" त्याची बायको कोकिळा हसायची. तिच्या फोनचा नंबर होता सत्तावीस.

वैशाखात एक डिस्क मधूनच बंद पडू लागली आणि शेवटी जोडीतून बाहेरच गेली; तिच्यावर नवं काही उतरेना. लाल दिवा लुकलुकू लागला. खामगावला गेलो की नवी आणतो, असं भागवत म्हणाला. तो तीनदा खामगावला गेला आणि तिन्ही वेळा मोकळ्या हाताने परत आला. शेवटी कोकिळेने आपल्या कपाळावरची टिकली काढून त्या बिघडलेल्या डिस्कवर चिकटवली, म्हणजे बदलताना तरी घोटाळा व्हायला नको.

मग ती स्वतःच आजारी पडली. अंगात जरा त्राण असलं की ती भिंतीला टेकून बसायची आणि कोजागिरीपर्यंत पोरी म्हणतात ती भुलाबाईची गाणी फोनमध्ये म्हणून ठेवायची. लेक करिष्मा अकोल्याला नर्सिंग शिकत होती, तिला निम्मी गाणी येत नव्हती. तेवीस गाणी झाली. फोन चार्जिंगला लावला की ती आपोआप सर्व्हरवर जायची, आणि दोनपैकी एकच डिस्क चालू असूनही भागवत निर्धास्त होता. पुढे कोकिळेला अकोल्याच्या दवाखान्यात ठेवलं, आणि श्रावण संपायला आठवडा असताना ती तिथेच वारली. तिची पिशवी घरी आली. भागवतला काही ती उघडवली नाही. त्याच्या आईने, जनकाबाईंनी, ती आत नेऊन ठेवली.

तेरावं झाल्यावर त्याने केंद्र उघडलं आणि इतके दिवस बंद असलेला सर्व्हर सुरू केला. तो नोंद वाचत असतानाच नवी ओळ उमटली आणि त्याच्या अंगावर काटा आला. दुपारी तीन चाळीस, नंबर सत्तावीस.

तिचा फोन तर पिशवीत होता. पडून पडून तो कधीचाच बंद झाला असणार. मग हा कोण? कोणा चोराने तिचा नंबर लावला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं आणि काही आत येण्याआधीच सत्तावीसला बंदी घातली. दुसऱ्या दिवशी तीन चाळीसला पुन्हा दार वाजलं. तिसऱ्या दिवशी तीन बेचाळीसला. चोर असता तर त्याने दहा नंबर लावून पाहिले असते, दहा वेळा खटपट केली असती. हा एकदाच यायचा, भर दुपारी, आणि बंद दार पाहून निघून जायचा. तीन वाजले की भागवतची मान गार पडू लागायची. समोर गिऱ्हाईक अंगठा लावायला बसलेलं असलं तरी त्याचे डोळे घड्याळावर. आईला त्याने काही सांगितलं नाही. म्हातारी घाबरेल म्हणे. प्रत्यक्षात घाबरला होता तो.

दसरा आला. त्या घरात शस्त्रपूजेला विळा, खुरपं आणि सर्व्हरच्या डिस्क एकाच पाटावर बसत. भागवतने यंदाही सर्व्हर बंद करून दोन्ही डिस्क काढल्या. जनकाबाईंनी सढळ हाताने हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. संध्याकाळी भागवतने ओल्या फडक्याने डिस्क पुसल्या. कुंकू निघालं, आणि कुंकवाबरोबर टिकलीही निघाली. ती कुठे पडली ते त्याला कळलंही नाही.

दोन्ही डिस्क दिसायला सारख्याच. मशीनने विचारलं, दोघींत फरक आहे, खरी कोणती धरू? त्याने अंदाजाने एकीवर बोट ठेवलं आणि जेवायला गेला.

सकाळी लाल दिवा नव्हता. दोन्ही डिस्क अगदी एकसारख्या झाल्या होत्या, आणि दोन्हींवर वैशाख होता. आजारी डिस्कने रातोरात चांगलीला आपल्यासारखं करून टाकलं होतं. दवाखाना नाही, रिपोर्ट नाहीत, तेरावं नाही. शेवटच्या फोटोत कोकिळा सोनाळा गावातल्या लग्नात हातात पत्रावळ घेऊन हसत होती, आणि मशीनच्या लेखी तिला काहीच झालेलं नव्हतं. फोनच्या यादीतही तिच्या नावापुढे हिरवी खूण परत आली होती. गाण्यांची जागा मात्र रिकामी होती.

तेवढ्यात करिष्माचा फोन आला. "बाबा, कोजागिरीले येतो मी. आईची गाणी लावू मंग?"

"हाव," भागवत म्हणाला. कोजागिरीला चार दिवस होते.

त्या दिवशी त्याने केंद्राचं शटर उघडलं नाही. गाणी परत मिळवायचा एकेक उपाय करत तो अंधाऱ्या खोलीत बसून राहिला. हाती काही लागलं नाही. तीन चाळीस झाले आणि सत्तावीसने दार वाजवलं. बंदी पुसली गेली होती. दार उघडलं.

डिस्कचा दिवा टिकटिक करू लागला. पडद्यावर एक फाइल आली. मग दुसरी. कोणीतरी आत येऊन एकेक वस्तू जागेवर ठेवत होतं. भागवतचा हात तार उपटायला गेला आणि त्याने ती मुठीत धरली. तेवढ्यात तिसऱ्या फाइलचं नाव उमटलं: 'जोजवायचं गाणं, दोनदा चुकलं'. अशी नावं जगात एकच बाई द्यायची.

त्याने तार सोडली. तो आत गेला.

चुलीशेजारच्या पाटावर कोकिळेचा फोन चार्जिंगला लावलेला होता. त्याच्यापुढे पाण्याची वाटी. जनकाबाई शेजारी बसून होत्या.

"आई, हे काय?"

"रोज लावतो मी, माहं काम आटपलं का. एक दिसही बंद नाही पडू देला."

"काऊन?"

"मंग काय उपाशी ठेवू तिले?" त्या म्हणाल्या. "घरात असून?"

भागवत खाली बसला. त्या फोनचं कुलूप कोकिळेच्या बोटालाच ठाऊक होतं. तो एकदा जरी बंद पडला असता तर पुन्हा कोणाला उघडला नसता, आणि आतलं एक अक्षर बाहेर आलं नसतं. आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिने फक्त सुनेच्या फोनला जेवू घातलं होतं. भागवतला रडू फुटलं आणि त्याने ते आवरलं नाही.

तो बाहेर आला तेव्हा फोनमधली सगळी गाणी सर्व्हरवर परत आली होती. फाइली तेवीस नव्हे, चोवीस. शेवटच्या फाइलवर दवाखान्यातली तारीख होती. घरी आल्यापासून फोन तीच पोचवायची खटपट करत होता. भागवतने ती लावली. आधी नुसता श्वास ऐकू आला, मग कोकिळेचा दबका आवाज.

"अवो, बाया झोपल्या इथं, हळूच बोलतो. माही गाणी पेनड्राइवमंदी भरून ठेवजा. तुमच्या त्या दोन डिस्कवर माहा भरोसा नाही. टिकलीवाली तेवढी फेकून द्या आता." खोकला आला. "दम लागला. घरी आली का बाकीचं सांगतो."

बत्तीस दुपारी ती घरी आली होती, आणि बत्तीसही दुपारी त्याने तिला दारातून परत पाठवलं होतं.

आतून जनकाबाईंनी विचारलं, "भागवत, भरला वाटते फोन. काढू का?"

"नको," तो म्हणाला. "राहू दे लावलेला."